विहिरीतल्या लोखंडी पायऱ्या

ज्या विहिरीचं पाणी कुणी पीत नाही, जिच्यावर रहाट नाही की मोटर नाही, तिच्या आतल्या लोखंडी पायऱ्यांना ताजा रंग कसा, असं आमच्या तुकडीतल्या इराणी मुलीने मला विचारलं. बाकीचे सगळे विहिरीची खोली मोजण्यात गुंतले होते. ही कठड्यावर कोपरं टेकून आत बघत बसली होती. भिंतीत ठोकलेले ते वाकवलेले गज एकाखाली एक पाण्यापर्यंत गेलेले, आणि सगळ्यांवर तांबडा रंग, नुकताच दिल्यासारखा. ती म्हणाली, घरातल्या बाईंना विचार, ह्या पायऱ्या कुणासाठी आहेत.

मी विचारलं नाही. मला वाटलं, काय हिच्या भोचक चौकशा. गंजू नये म्हणून लावला असेल रंग, त्यात काय एवढं.

तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते, विषय भूशास्त्र, आणि शहराचं नाव औरंगाबाद. वेगवेगळ्या देशांतले काही विद्यार्थी अभ्यासदौऱ्यावर इथल्या जुन्या नहरी बघायला येणार होते आणि त्यांना जोडीला इथली दोन पोरं हवी होती. नहर म्हणजे डोंगराच्या पायथ्याचं पाणी जमिनीखालून शहरात आणणारा बोगदा. कुठे माणूस वाकून चालेल एवढा उंच, कुठे हात जेमतेम जाईल एवढा, आणि वर मध्येमध्ये हवेसाठी विहिरीसारखी तोंडं. त्यातलं किती बुजलंय, किती वाहतंय आणि कुठली विहीर आतून कशाला जोडलेली आहे, हे सगळं नीट कुणालाच माहीत नव्हतं. मला इंग्रजी बरं येत होतं आणि गल्लीतली दखनी उर्दू त्याहून बरी, म्हणून माझी निवड झाली. माझ्याबरोबर निवडलेला मुलगा सुरुवातीलाच गावाकडे लग्नाला म्हणून गेला तो परत फिरकलाच नाही. त्यामुळे त्यांचा जो परदेश तोच माझा रोजचा औरंगपुरा, आणि उस्मानपुऱ्यातून सायकल मारत तिथे पोचलं की मी त्यांची दुभाषी, वाटाडी आणि चहावाल्याशी घासाघीस करणारी.

तुकडीचा म्होरक्या एक उंच डच मुलगा होता. स्वभावाने सरळ, पण नियमांचा इतका भक्त की आमच्या काकूंचं सोवळं परवडलं. त्याला कारणही होतं. नहरीत वरच्या अंगाला एक केशरी भुकटी टाकायची, ती पाण्यात पडली की पाणी हिरवं होतं. पुढे वाहत जाता जाता ते इतकं पातळ होतं की डोळ्यांना दिसत नाही. म्हणून संशय असेल त्या प्रत्येक विहिरीत कोळशाची पुरचुंडी सोडून ठेवायची. पाण्यात रंगाचा अंश आलाच तर कोळसा तो धरून ठेवतो. काही दिवसांनी पुरचुंडी काढायची, कोळसा औषधी द्रवात भिजवायचा आणि अंधाऱ्या खोलीत एका खास दिव्याखाली धरायचा. हिरवं चमकलं तर विहीर नहरीला जोडलेली.

भुकटीचा एक कणही घोटाळा करायला पुरतो, म्हणून त्याचा नियम असा की भुकटीला हात लावणाऱ्याने पुरचुंडीला हात लावायचा नाही. भुकटी तो स्वतःच टाकणार, कारण दुसऱ्या कुणावर त्याचा भरवसा नव्हता. पुरचुंड्या मी आणि इराणी मुलीने सोडायच्या. तो जवळ आला की आम्ही दोघी मुद्दाम मागे सरायचो, शिवाशिव नको म्हणून. त्याला हा विनोद कळायचा नाही, आणि मला तो समजावून सांगायची लाज वाटायची.

पायऱ्यांचा विषय अखेर इराणी मुलीनेच काढला, तोही मला बाजूला ठेवून. त्या घरातल्या बाईंना सगळी गल्ली आपा म्हणायची. वय पन्नाशीच्या पुढे, लग्न केलेलं नाही, भाच्याच्या संसारात राहायच्या. भाचा त्यांना फूफी, म्हणजे आत्या, म्हणायचा; त्याचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. इराणी मुलीची फारशी आणि आपांची दखनी यांचं पाणी, हात, दार, भिंत असल्या शब्दांपुरतं जमायचं, आणि तेवढ्यावर दोघी तास तास बसायच्या. तिने विहिरीकडे बोट दाखवलं, दोन बोटांनी हवेत चढून दाखवलं आणि हात उलटा करून विचारलं, कोण? आपांनी मला हाक मारली आणि म्हणाल्या की हिला नीट सांग, मला असं हातवाऱ्यांनी सांगता येणार नाही.

त्यांनी सांगितलं ते असं. पोलीस ॲक्शनच्या, म्हणजे निजामाचं राज्य घ्यायला हिंदुस्थानी फौजा आल्या त्या दिवसांत आपा चौदा-पंधरा वर्षांच्या होत्या आणि त्यांची बहीण थोडी मोठी. फौजा शहरात शिरल्या अशी आवई उठली. पाठोपाठ दुसरी आली की गल्लीच्या तोंडाशी माणसं जमलीत आणि पोरींना उचलून नेतायत. घरातले सगळे मधल्या खोलीत शिरले. त्या खोलीला खिडकी नव्हती. आतून कडी घातल्यावर मोजदाद झाली तेव्हा कळलं की मोठी बाहेरच राहिली. बाहेर कसलासा आवाज झाला. वडिलांनी कडी काढू दिली नाही. संध्याकाळी दार उघडलं तर अंगणात कुणी नव्हतं आणि विहिरीच्या कठड्यावर तिची ओढणी होती.

गल्लीत कुणीच आलेलं नव्हतं. ती आवई म्हणजे निव्वळ आवईच होती. त्या दिवशी त्या गल्लीत कुणी कुणाच्या दाराला हातसुद्धा लावला नव्हता.

विहिरीत गळ टाकले, पोहणारी माणसं उतरवली, पण काही लागलं नाही. तेव्हा घरातलं एक म्हातारं माणूस म्हणालं की ही विहीर खालून नहरीला मिळालेली आहे. झालं, तेवढ्यावर घर उभं राहिलं. पोरगी धीट होती, पोहणारी होती. नहरीत शिरली असेल, वाकून चालत पुढच्या तोंडातून वर आली असेल, कुणीतरी हैदराबादेकडे नेलं असेल. त्या दिवसांत गेलेली माणसं अशी वर्षानुवर्षांनी सापडली होतीच की. आणि आलीच ती त्याच वाटेने परत, तर वर चढायला पायऱ्या नकोत?

माझ्या घरी पोलीस ॲक्शनची आठवण म्हणजे पेढे. आमचं गाव पडेगावच्या पुढचं. वडील तेव्हा शाळकरी होते. त्याआधीचे कितीतरी दिवस त्यांच्या घराने रझाकारांच्या धास्तीने शेतात लपून काढलेले. मग एक दिवस भीती संपली आणि कुणीतरी पेढे वाटले. वडील ती गोष्ट सांगायला लागले की त्यांच्या तोंडाला अजून पाणी सुटायचं. मी लहानपणापासून ते पेढे ऐकत आले होते. त्याच आठवड्यात सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर एक घर खिडकी नसलेल्या खोलीत बसलं होतं, हे मला त्या अंगणात पहिल्यांदा कळलं. मी हे सगळं इराणी मुलीला इंग्रजीत सांगत होते आणि माझा आवाज मला परका वाटत होता.

आपांचं दुखणं मात्र वेगळंच होतं. शबे-बारातीला घरोघर हलवा करून गेलेल्यांच्या नावाने फातिहा पढतात. आपांच्या घरी आजोबांचं, आईचं, वडिलांचं नाव घ्यायचे. बहिणीचं नाव मात्र कधीच घेतलं नव्हतं. जिवंत माणसाच्या नावाने कसा पढायचा? आणि ती गेलीच असेल तर इतकी वर्षं तिच्या वाट्याची एक दुवासुद्धा घरातून निघाली नाही, ह्याचा जाब कोण देणार? बाकी काही नाही, आपांना फक्त एवढंच ठरवायचं होतं की नाव घ्यायचं की नाही.

"तुमच्या त्या रंगानं कळतं म्हंता ना, मंग माझ्या विहिरीचं बी बघा," त्या म्हणाल्या. "नहरीला मिळाली नसंल तर ती हितंच हाय. मंग मी औंदा तिचं नाव घेईन. पण माझ्यासमोर बघायचं. आणि झूट नक्को बोलना मेरे से, माझं मन राखायला म्हणून सुद्धा नाय."

भाचा दारात उभा होता. फूफीचं हे वेड आता पोरांपर्यंत पोचलं, असं काहीतरी पुटपुटला आणि दुकानात निघून गेला.

आम्ही दोघींनी सकाळी विहिरीत पुरचुंडी सोडली. डच मुलगा तिकडे डोंगरपायथ्याला नहरीच्या तोंडाशी रबरी हातमोजे चढवून भुकटी टाकत होता. दुपारी आपांनी सगळ्या तुकडीला जेवायला बोलावलं. नाही म्हणायची सोय नव्हती. परदेशातून आलेली पोरं आपल्या बहिणीचा शोध घेतायत, आणि त्यांना उपाशी पाठवायचं? अंगणात दस्तरखान मांडला होता. त्या घरची रीत अशी की पाहुण्याने उठून हात धुवायला जायचं नाही. घरचं माणूस चिलमची, म्हणजे हात धुवायचं तस्त, घेऊन पाहुण्यापुढे येतं आणि लोट्याने हातावर पाणी घालतं. आपांनी हे काम भाच्याच्या बायकोला करू दिलं नाही. त्या स्वतः एकेकापुढे वाकल्या. डच मुलगा ओशाळून हात मागे घेत होता, तर त्यांनी त्याचं मनगट धरून पुढे ओढलं, कोपरापर्यंत चोळून धुतलं आणि चिलमचीत बघून हसल्या. म्हणाल्या की ह्याची मेंदी उतरायला लागली, ह्याच्या घरी कुणाचं लग्न हाय का विचार गं. मी विचारलं, सगळे हसले. त्या दुपारी आम्ही फार हसलो. मसूरची आमटी, गोश्त, ज्वारीच्या भाकरी, त्या डच मुलाने भाकरीचा पहिला घास मोडला तेव्हा त्याचा झालेला चेहरा. त्या दिवसातलं एवढंच आठवावं असं मला अजूनही वाटतं.

पुरचुंडी काढायच्या दिवशी आम्ही दिवा आपांच्याच घरी नेला. भर दुपारी अंधार मिळेल अशी घरात एकच जागा होती, ती मधली खोली. आत धान्याच्या कोठ्या होत्या आणि दुलया रचलेल्या. आपा उंबऱ्याशी थबकल्या. मग आत येऊन भिंतीला टेकून बसल्या. कुठे बसायचं हे त्यांना माहीत असावं तशा बसल्या. भाच्याच्या बायकोने दार लावलं. कडी घातली नाही.

कोळसा भिजवलेली बाटली दिव्यासमोर धरली आणि ती पेटल्यासारखी हिरवी झाली. इतकी हिरवी की तिच्या उजेडात आपांची बोटं दिसली, गुडघ्यावर गच्च धरलेली. सांगायची गरजच नव्हती.

"म्हंजे चालत गेली," आपा म्हणाल्या.

त्या रडल्या नाहीत. उठून बाहेर आल्या, विहिरीत वाकून पाहिलं आणि भाच्याच्या बायकोला चहा टाकायला सांगितला. इराणी मुलगी मात्र माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती आणि डच मुलगा बाटलीकडे बघत गप्प उभा होता. मला त्याचा राग आला. ह्या माणसाला आनंदसुद्धा नियमात बसवून घ्यावा लागतो, असं वाटलं.

तो गप्प का होता ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. नहरीच्या तोंडाजवळच्या विहिरींतल्या पुरचुंड्या फिक्या निघाल्या होत्या, आणि मैलभर खाली असलेली आपांची विहीर सगळ्यात गडद. असं होऊच शकत नाही. पुढे जाता जाता रंग पातळ व्हायला हवा. कुठूनतरी जवळूनच तो विहिरीत पडला होता. आम्ही एकमेकांकडे संशयाने बघायला लागलो. आणि मग मला चिलमचीतलं पाणी आठवलं.

हातमोजे पंज्यांनाच होते. मनगटाच्या वर भुकटी बसलेली होती. आपांनी ती कोपरापर्यंत चोळून उतरवली, मेंदी म्हणून हसल्या आणि चिलमची उचलून मोरीत रिकामी केली. मोरी विहिरीला लागून होती आणि तिथली फरशी फुटलेली होती. ज्या रंगाने खरं सांगायचं, तो रंग आपांनी स्वतःच्याच हाताने, पाहुण्याचा मान राखताना, विहिरीत उतरवला होता.

डच मुलगा डोकं धरून बसला. पुन्हा करून बघायची सोय नव्हती. पडलेला रंग एक पावसाळा गेल्याशिवाय विहिरीतून जाणार नव्हता आणि तुकडीचं विमान त्याच आठवड्यात होतं. नकाशावर त्या विहिरीसमोर प्रश्नचिन्ह टाकायचं ठरलं. भांडण झालं ते आपांना सांगायचं की नाही ह्यावरून. इराणी मुलगी म्हणाली की आपांना मिळालंय ते राहू दे, तुझ्या एका आकड्यासाठी ते काढून घेऊ नकोस. तिच्याकडेही घरची हरवलेली माणसं होती, एवढंच तिने कधीतरी सांगितलं होतं, त्याहून जास्त नाही. तो म्हणाला की आपांनीच खोटं बोलू नका असं सांगितलंय. दोघेही बरोबर होते आणि दोघांनाही परवा निघून जायचं होतं. इथे राहणार होते मी. मला दोघांचाही संताप आला, आणि आपांकडे जायचं मलाच होतं.

मी एकटीच गेले. आपा अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, हाताचं, मोरीचं, फुटक्या फरशीचं. वाटलं होतं की त्या मला घराबाहेर काढतील, किंवा स्वतःच्या हातांना बोल लावतील. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि मोरीकडे पाहिलं.

"मंग मिळालेली नाय विहीर?"

मी म्हटलं, तसंही म्हणता येत नाही. मिळालेली आहे असं कळलं नाही आणि नाही असंही कळलं नाही.

"नाय असं बी नाय," त्या सावकाश म्हणाल्या.

मी मान हलवली. त्यांनी ताट पुन्हा पुढे ओढलं आणि खडे वेचायला लागल्या. मी त्यांना काहीच दिलं नव्हतं आणि तरी त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. इतकी वर्षं त्या ह्या एवढ्याशा जागेतच राहत आल्या होत्या, आणि ती जागा त्यांच्यापाशी परत आली होती.

जाताना डच मुलाने उरलेल्या भुकटीचा डबा माझ्याकडे दिला. पावसाळा झाला की पुन्हा कर, म्हणाला. मी पुढे त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि डबा माझ्या कपाटात आला. पहिल्या पावसाळ्यानंतर मी आपांकडे गेले आणि विचारलं, बघायचं का? त्या म्हणाल्या, औंदा ऱ्हाऊ दे, पुढच्या साली बघू. पुढच्या सालीही तेच. मग मी विचारणं सोडलं, पण जाणं सोडलं नाही. शबे-बारातीला त्यांच्याकडून हलव्याचं ताट यायचं, चणाडाळीचा, वर वेलची. मी कधी विचारायची नाही की नावं कुणाकुणाची घेतली. पायऱ्या मात्र दर वर्षी पाऊस सरला की तांबड्या व्हायच्या. मी अंगणात गेले की माझं लक्ष आधी तिकडे जायचं आणि मग मला तिथे उभं राहवायचं नाही. एखाद्या उन्हाच्या दुपारी वर्गात नहर शिकवता शिकवता मला वाटायचं की खाली कुणीतरी वाकून चालतंय, अजून चालतंय, आणि मी विद्यार्थ्यांना उतार आणि खडक सांगतेय.

आपा गेल्या तेव्हा मी वर्षभरासाठी बाहेरगावी होते. परत आल्यावर भेटायला गेले. त्यांच्या जाण्यानंतरची पहिली शबे-बारात होऊन गेली होती, पावसाळाही सरला होता. दार उघडंच होतं. अंगणात कुणी दिसेना. मी हाक मारली तर आवाज विहिरीतून आला.

भाचा वर आला. एका हातात रंगाचा डबा, दातांत ब्रश, आता तोही पिकलेल्या केसांचा. मला बघून त्याने डबा कठड्यावर ठेवला आणि ओशाळल्यासारखा हसला. मग इकडचं तिकडचं बोलणं झालं, फूफीचे शेवटचे दिवस, दवाखाना, मुलांच्या नोकऱ्या. आणि मग न विचारताच तो म्हणाला की ह्या वर्षी फातिह्याला त्याने दोघींचं नाव घेतलं. मोठ्या फूफीचं बी. आता किती वाट बघायची, कुणीतरी मिटवायला हवंच होतं.

मी म्हटलं, बरं केलंत. खरंच बरं वाटलं मला. आणि मग राहवलं नाही म्हणून विहिरीकडे बोट केलं. मग ह्या पायऱ्या?

त्याने आत वाकून पाहिलं. वरच्या काही पायऱ्या ओल्या तांबड्या होत्या, खालच्या अजून राहिल्या होत्या.

"ते व्हय," तो म्हणाला. त्याने बोटांचा रंग पायजम्याला पुसला आणि पुन्हा डबा उचलला. "ते नाव घ्यायचं म्हणून घेतलं. पण आली तर?"